क्रेनवाल्याची वही

क्रेनवाला : ...आणि त्या वादळात, बाई, हेलिडेकवर रंगवलेलं ते भलंमोठं एच अक्षर आहे ना, ते वाऱ्याने पापुद्र्यासारखं सोलून निघालं आणि चार मैलांवरच्या दुसऱ्या रिगवर जाऊन चिकटलं. तीन दिवस आमची हेलिकॉप्टरं तिकडेच उतरत होती. आमची भाजी त्यांनी खाल्ली, आमची पत्रं त्यांनी वाचली. एकाने तर उत्तरंही धाडली.

तपासनीस : मी तुम्हाला विचारलं होतं की या वहीतलं अक्षर तुमचं आहे का.

क्रेनवाला : तेच सांगतोय. अक्षरावरून आठवलं.

तपासनीस : हो की नाही?

क्रेनवाला : हो. कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं आहे, पण माझंच आहे. सव्वीस वर्षं तेलाच्या रिगांवर क्रेन चालवतोय, वही मीच लिहितो. का? काही चुकलं?

तपासनीस : चुकलं का, तेच बघायला आले आहे.

क्रेनवाला : न कळवता आलात.

तपासनीस : तपासणी आहे, लग्न नाही. पत्रिका छापत नाही आम्ही.

क्रेनवाला : तसं नव्हे. सकाळी उतरलात, चहाला नाही म्हणालात, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यालात. मॅनेजरच्या केबिनमध्ये दुपारपर्यंत कपाटं आणि वह्या उघडल्यात, आणि मग एकट्या क्रेनवाल्याला बोलावणं. एरवी तपासनीस येतात ते आधी आग विझवायच्या सिलिंडरांवरच्या तारखा बघतात, मग जेवतात, मग रिग हलतेय म्हणून उलटी करतात, आणि सही करून जातात. तुम्ही उलटीसुद्धा केली नाहीत. माणसाला संशय येणारच.

तपासनीस : कसला?

क्रेनवाला : की तुम्हाला कोणीतरी काहीतरी सांगितलंय.

तपासनीस : सांगण्यासारखं काय आहे इथे?

क्रेनवाला : बघा. प्रश्नाला प्रश्न. माझी धाकटी बहीण अशीच आहे. तिच्यापुढे मी आजवर एकदाही जिंकलो नाही.

तपासनीस : तुमची धाकटी बहीण म्हणजे इथल्या सेफ्टी ऑफिसरची बायको.

क्रेनवाला : हेही खणून काढलंत होय.

तपासनीस : खणायला काय लागतं? कामगारांच्या यादीत 'घरी कोणाला कळवायचं' असा रकाना असतो. तुम्हा दोघांच्या रकान्यात फोन नंबर एकच आहे.

क्रेनवाला : मला ना बायको ना मुलं. उद्या बुडालो तर कोणीतरी चार आसवं गाळायला हवं ना. ती गाळेल. पण आधी खात्री करून घेईल.

तपासनीस : आता इकडे बघा. ही तुमची क्रेनची वही. आणि हे लाइफबोटींचं रजिस्टर, तुमच्या मेहुण्याच्या हातचं.

क्रेनवाला : मेहुणा मी त्यांचा. ते माझे दाजी. मानाने मोठे, वयाने धाकटे.

तपासनीस : गेल्या महिन्याची चौदा तारीख. त्यांचं आधी वाचा.

क्रेनवाला : चष्मा वर राहिला.

तपासनीस : तुमच्या कपाळावर आहे.

क्रेनवाला : वर म्हणजे तिथेच. हं. 'दोन नंबरची लाइफबोट. सकाळी दहा ते साडेअकरा. सहा माणसांसह पाण्यात उतरवली. हुक सोडले. इंजिन चालवले. बोट सुरक्षित वर घेतली.' अक्षर बघा, मोत्याचा सर.

तपासनीस : आता तुमचं.

क्रेनवाला : मी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे.

तपासनीस : मलाही. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

क्रेनवाला : 'चौदा तारीख. नऊ पन्नास ते अकरा चाळीस. पूर्वेची बाजू. मालबोटीवरून बावीस नग उचलले. अकरा कंटेनर, नऊ पाइपांचे गठ्ठे, दोन पाण्याच्या टाक्या.'

तपासनीस : दोन नंबरची लाइफबोट कुठल्या बाजूला टांगलेली आहे?

क्रेनवाला : पूर्वेच्या.

तपासनीस : म्हणजे त्या वेळात त्या बोटीच्या बरोबर खाली मालबोट उभी होती. सहा माणसं घालून लाइफबोट सोडली असती तर ती पाण्यात नाही, मालबोटीच्या डोक्यावर जाऊन बसली असती. आणि वरून तुमचे पाइप.

क्रेनवाला : तसंही एकदा झालंय, बाई. एका रिगवर एक देवमासा होता, तो बरोबर दहाच्या ठोक्याला...

तपासनीस : काका, नको. वर्षभरातल्या चार तारखा मी ताडून पाहिल्या. चारही वेळा हेच. ते म्हणतात बोट पाण्यात होती, तुम्ही म्हणता तिथे मालबोट होती. दोन वह्यांतली एक खोटी आहे. कुठली?

क्रेनवाला : तुम्हाला काय वाटतं?

तपासनीस : तुमच्याबद्दल मी सकाळपासून तिघांना विचारलं. आचारी म्हणाला, क्रेनवाल्याने बाहेर ऊन आहे म्हटलं की मी छत्री शोधतो. रेडिओवाला म्हणाला, लाखात एक गोष्ट खरी सांगतो, तीही चुकून. मॅनेजर म्हणाले, त्याच्या वहीवर जाऊ नका, म्हाताऱ्याला काळवेळाचं भान नाही.

क्रेनवाला : मॅनेजर असं म्हणाले? वहीबद्दल?

तपासनीस : वहीबद्दल.

क्रेनवाला : माझ्या तोंडाबद्दल काय वाटेल ते बोला. वहीबद्दल नाही.

तपासनीस : का? वहीही तुमचीच, तोंडही तुमचंच.

क्रेनवाला : बाई, माझी केबिन समुद्रापासून चाळीस मीटर वर. बारा-बारा तास एकटा. खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि मुंग्या काही बोलत नाहीत. मग मी मनात गोष्टी रचतो आणि खाली उतरलो की वाटतो. पण वही वेगळी. मी लिहिलेलं वजन वाचून दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला पुढचा नग उचलतो. वायररोपने किती ओझं वाहिलं ते वहीत बघून तो कधी बदलायचा ते ठरतं. तोंडातली थाप हवेत विरते. वहीतली थाप कोणाच्या तरी डोक्यावर पडते.

तपासनीस : हे चांगलं बोललात. खरं आहे, की हेही रचलेलं?

क्रेनवाला : हाच आम्हा थापाड्यांचा भोग. खरं बोललो की लोक मिशीत हसतात.

तपासनीस : वही खरी असेल तर रजिस्टर खोटं.

क्रेनवाला : असं मी म्हटलेलं नाही.

तपासनीस : दोन्ही खरी असू शकत नाहीत.

क्रेनवाला : तसे आमचे दाजी म्हणजे सज्जन माणूस. जिना उतरताना दोन्ही बाजूंचे कठडे धरतात.

तपासनीस : सज्जन माणसं मी पुष्कळ तपासली आहेत. ऐका. चार वाजता माझं हेलिकॉप्टर आहे. त्याआधी मला एका कागदावर लिहायचंय. वही खोटी असेल तर तुमचा क्रेनचा परवाना जाईल. रजिस्टर खोटं असेल तर तुमच्या दाजींची नोकरी जाईल, आणि ती बोट धड पाण्यात उतरेपर्यंत इथलं खोदकाम बंद. मी बोट बघून येते. तुम्ही इथेच बसा आणि विचार करा. खाली तेलाच्या विहिरीतून गॅस उसळला आणि रिग सोडायची वेळ आली, तर पंचेचाळीस माणसं त्या बोटीत बसणार आहेत. त्यांतले एक तुम्ही.

(बाई हेल्मेट चढवून बाहेर पडल्या, आणि दाराची कडी बसायच्या आत दाजी आत आले. म्हणजे स्वारी दाराशीच होती, हे क्रेनवाल्याच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं, पण त्याने ते गिळलं. बहिणीच्या नवऱ्याला 'चोरून ऐकत होतात का' असं विचारण्याइतका तो अजून म्हातारा झाला नव्हता.)

दाजी : काय सांगितलंत तिला?

क्रेनवाला : एच उडाल्याची गोष्ट. फारशी आवडली नाही.

दाजी : दादा, मस्करी नको. वही तिच्या हातात कशी गेली?

क्रेनवाला : तिने मागितली, मी दिली.

दाजी : मागितली, दिली. आधी मला विचारावंसं वाटलं नाही?

क्रेनवाला : क्रेनची वही द्यायला सेफ्टीवाल्यांची परवानगी? हा नियम तुम्ही अजून काढला नव्हता. एरवी रोज एक काढता. कठडा धरा. कठडा धरताना हातमोजे घाला. हातमोजे घालताना खाली बसा.

दाजी : तुम्हीच बोलावलंत ना तिला?

क्रेनवाला : काय म्हणालात?

दाजी : न कळवता आली. आल्या आल्या पूर्वेच्या बाजूच्या तारखा काढल्या. कोणी बोट धरून नेल्याशिवाय असं होत नाही.

क्रेनवाला : दाजी, तुमच्याविरुद्ध कागद करायचाच असता तर सोळा वर्षांत धाकटीने मला पुरेसा मसाला पुरवलाय. नुसतं तुमच्या घोरण्यावर एक फाइल झाली असती.

दाजी : मग वही लपवता आली असती. हरवली म्हणता आलं असतं. देवमाशाने गिळली म्हणाला असतात तरी चाललं असतं.

क्रेनवाला : आता माझी पाळी. चौदा तारखेला बोट खाली गेली होती का?

दाजी : तुम्ही वर होतात. तुम्हाला माहीत आहे.

क्रेनवाला : मला वाटायचं, माझी पाळी संपल्यावर करत असाल. तुमचं रजिस्टर मी कधी उघडलं नाही. ज्याचं काम त्याच्याकडे.

दाजी : नाही गेली.

क्रेनवाला : आणि त्याआधी?

दाजी : मी इथे आल्यापासून एकदाही नाही. तीन वर्षं.

क्रेनवाला : सतरा नंबरची सीट माझी आहे, दाजी. त्या बोटीत.

दाजी : ऐकून तर घ्या. तुम्ही एवढंच म्हणायचं की वही तुम्ही नंतर आठवून आठवून लिहिता. तारखा इकडच्या तिकडे होतात. कोणाला नवल वाटणार नाही. तुम्ही तर...

क्रेनवाला : बोला की. मी तर काय?

दाजी : तुम्ही तर बोलताच तसं. सगळ्यांना ठाऊक आहे.

क्रेनवाला : मॅनेजर पण हेच म्हणाले. काळवेळाचं भान नाही. अच्छा. म्हणजे शिजलंय हे आधीच, मला नुसतं वाढायला बोलावलंय.

दाजी : शिजलं वगैरे काही नाही. ते म्हणाले, दुसरा मार्ग नाही. तुमचा परवाना गेला तर किनाऱ्यावरच्या गोदामात बसवतील तुम्हाला. सावलीत. वय झालंच आहे तुमचं. माझी दोन मुलं अजून शाळेत आहेत.

क्रेनवाला : तुमची मुलं माझी भाचरं आहेत. कोणाचा कुठला दात पडला हे मला तुमच्याआधी कळतं. मुलांना मध्ये आणू नका. का केलंत ते सांगा. आळशी नाही तुम्ही. लुच्चे तर नाहीच, लुच्चा माणूस इतका घाम गाळत नाही. झोपेतसुद्धा पलंगाचा कठडा धरता म्हणे. मग एवढ्या एकाच कामात चोरी का?

दाजी : याआधी मी दुसऱ्या रिगवर होतो.

क्रेनवाला : होतात आणि सोडलीत, एवढं माहीत आहे. का, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. मी तुमच्या वतीने तीन कारणं रचून ठेवली आहेत.

दाजी : तिथेही असाच सराव होता. सकाळी नऊला. वारा नाही, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. चार जण बोटीत बसले. मी वर, दोर सोडणाऱ्या विंचपाशी. बोट दीडेक मीटर खाली गेली असेल. मागचा हुक आपोआप सुटला.

क्रेनवाला : आपोआप?

दाजी : कोणी हातही लावला नव्हता. बोट पुढच्या हुकावर उभी लटकली. आतून हाका ऐकू येत होत्या. मग पुढचाही सुटला. पंचवीस मीटर. आग नव्हती, गॅस नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं, दादा. जीव वाचवायचा सराव करताना दोन माणसं गेली. आणि मी त्या सकाळचं रजिस्टर आधीच भरून ठेवलं होतं. 'बोट सुरक्षित वर घेतली.' वेळ वाचावा म्हणून.

क्रेनवाला : धाकटीला माहीत आहे?

दाजी : नाही.

क्रेनवाला : आणि मी तीन कारणं रचली. एकात तर तुम्हाला जुगार लावला होता.

दाजी : इथे आलो तेव्हा ठरवलं, आता माझ्या देखत कोणी पडणार नाही. दोन्ही टोकांना वायररोपचे पट्टे घातले, बोट जिला टांगलेली असते त्या वरच्या चौकटीला पिना ठोकून बांधले. हुक सुटला तरी बोट पडणार नाही.

क्रेनवाला : हुक सुटला तरी पडणार नाही. म्हणजे हुक सोडला तरी जाणारही नाही.

दाजी : पिना काढल्या की जाते.

क्रेनवाला : त्या कुठून काढायच्या?

दाजी : बाहेरून.

तपासनीस : बाहेर चौकटीवर उभं राहून, हातोडीने. चार पिना आहेत. आत्ता मोजून आले.

दाजी : तुम्ही कधी आलात?

तपासनीस : मघाशी तुम्ही जिथे उभे होतात ना, तिथेच थोडा वेळ उभी होते. जागा बरी आहे. सगळं ऐकू येतं.

क्रेनवाला : या रिगवर दारापाशीच खुर्ची ठेवायला हवी.

तपासनीस : त्या पट्ट्यांवर गंजाचा थर आहे. पिनांवर मात्र गंजाचा ठिपका नाही. ताजं ग्रीस आहे. मला आधी त्याचाच संशय आला. जी वस्तू कधी काढायचीच नाही, तिला रोज ग्रीस कोण लावतं?

दाजी : मी लावतो.

क्रेनवाला : आणि मला वाटायचं, माणूस संध्याकाळचा तिकडे हवा खायला जातो.

तपासनीस : आणखी एक. बोटीच्या दारावर कोणी कुठे बसायचं ती यादी आहे. सीटा सेहेचाळीस, नावं पंचेचाळीस. एक नंबरच्या बोटीची यादीही पाहिली. तुमचं नाव दोन्हीत नाही. यादी जुनी म्हणावी तर तारीख याच महिन्याची. नव्वद माणसांच्या जागा लावणारा माणूस स्वतःची विसरला?

दाजी : विसरलो नाही.

तपासनीस : मग?

दाजी : पिना कोणीतरी काढायला हव्यात ना.

क्रेनवाला : दाजी.

तपासनीस : म्हणजे भोंगा वाजला की पंचेचाळीस जण आत बसून दार लावणार, आणि तुम्ही बाहेरून त्यांना सोडणार. आणि मग तुम्ही?

दाजी : मगचं मी काही लिहिलेलं नाही.

तपासनीस : धुरात, अंधारात चार पिना निघतील?

दाजी : एकटाच सराव करतो. डोळे बांधून. पावणेदोन मिनिटं लागतात.

तपासनीस : चार आठवडे तुम्ही इथे असता, चार आठवडे घरी. घरी असता तेव्हा पिना कोण काढतं?

दाजी : तेव्हा दुसरा सेफ्टी ऑफिसर असतो.

तपासनीस : त्याला माहीत आहे?

दाजी : त्याला वाटतं, दुरुस्तीचे पट्टे आहेत. राहू देत, म्हणाला.

तपासनीस : म्हणजे निम्मं वर्ष त्या बोटीत बसलेली माणसं तिथेच बसून राहिली असती. दार लावून. तुमची वाट बघत.

क्रेनवाला : ते त्यांना दिसलंच नाही, बाई. भ्यालेल्या माणसाला फक्त स्वतःचे हात दिसतात.

तपासनीस : काका, पेन घ्या. वही खरी की खोटी?

क्रेनवाला : आधी मला एक सांगा. नोकरी जाईल ते कळलं. बोटीचं काय होईल?

तपासनीस : पट्टे निघतील, हुक नवे बसतील. मग बोट रिकामी उतरवायची. माणसांऐवजी आत तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या पिशव्या. नवीन पद्धत तीच आहे. परिपत्रक निघून दोन वर्षं झाली. सकाळी मला ते मॅनेजरच्या कपाटात सापडलं, पाकीटही न फोडलेलं.

दाजी : रिकामी?

तपासनीस : रिकामी.

दाजी : कोणीही आत न बसता?

तपासनीस : एकही माणूस नाही.

दाजी : मला हे कोणी सांगितलं नाही.

तपासनीस : तुम्ही विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

क्रेनवाला : द्या ते पेन. वही खरी आहे. चारही तारखा खऱ्या, बावीस नग खरे, पाण्याच्या दोन टाक्या खऱ्या. सही कुठे?

तपासनीस : इथे. आणि खाली तुमच्या शब्दांत लिहा. जे पाहिलंत तेवढंच.

क्रेनवाला : तेवढंच म्हणजे चार ओळी. उरलेलं पान वाया जाणार.

दाजी : दादा, एक शब्द फिरवला असतात तर सगळं होतं तसं राहिलं असतं.

क्रेनवाला : तेच तर. मी सतरा नंबरवर पट्टा बांधून बसलोय, काचेतून बघतोय, आणि तुम्ही बाहेर हातोडी घेऊन उभे. मी खाली जाणार, तुम्ही वर राहणार. मग धाकटीच्या दारात उभा राहून मी काय सांगितलं असतं? सव्वीस वर्षांत मला गोष्ट सुचली नाही असं कधी झालं नाही, दाजी. तिथे सुचली नसती.

तपासनीस : तुम्ही चारच्या हेलिकॉप्टरने माझ्याबरोबर चला. चौकशी किनाऱ्यावर होईल. आधीच्या रिगचं आत्ता सांगितलंत ते तिथेही सांगा.

दाजी : नोकरी जाणार ना?

तपासनीस : जाणार. खोट्या रजिस्टरला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. पण पट्टे का घातले ते त्याच कागदावर लिहीन. आणि परिपत्रक कुठे पडून होतं तेही, मॅनेजरांच्या नावासकट.

क्रेनवाला : आता ते तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, बघा.

तपासनीस : म्हणून तर डबा आणलाय.

क्रेनवाला : दाजी, बॅग भरा. तीन वाजत आलेत.

दाजी : धाकटीला फोन करणार तुम्ही?

क्रेनवाला : संध्याकाळी करतो.

दाजी : काय सांगाल?

क्रेनवाला : झालं ते सगळं, जसंच्या तसं. तिला ते खरं वाटायला दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही घरी पोचा.